भिंगाचं माहेर

औरंगाबाद,
४ डिसेंबर १९५०

दाजी,

तुमच्या पायांवर डोकं ठेवलं असं समजा. समोर असतो तर खरोखर ठेवलं असतं, पण मागच्या खेपेला तुम्ही थेट गोठ्यातून आला होतात आणि शहरात राहून माझं नाक नाजूक झालंय.

काम आहे म्हणून पत्र लिहितोय, हे तुम्ही ओळखलंच असेल. निजामावर पोलीस ॲक्शन झाल्यापासून आमच्या शाळेत सगळं उलटंपालटं झालंय. मी सायन्स शिकलो उर्दूतून, इतकी वर्षं शिकवलं उर्दूतून. आता हुकूम आलाय की मराठी पोरांना मराठीतून शिकवा. हुकूम वाजवी आहे. पोरं मराठी, मास्तर मराठी, गेटवरचा चणेवालासुद्धा मराठी, सायन्स तेवढं उर्दू, हे मलाही कधी नीट कळलं नव्हतं. पण पुण्याकडून एक नवे निरीक्षक आलेत आणि ते जानेवारीत माझा पाठ बघणार आहेत. पाठ मराठीत जमला तर वर्ग माझा. नाही जमला तर माझी रवानगी बीडला रेकॉर्डच्या खोलीत, कुठल्या कागदाला वाळवी लागली ते बघायला. दाजी, मला खडूशिवाय हातात दुसरं काही धरता येत नाही. वर्ग गेला तर मी कशाचा मास्तर?

पाठ भिंगावर आहे. 'भिंग' हा शब्द मला येत होता, त्या आनंदात दोन दिवस गेले. पुढं गाडी अडली. भिंगाच्या मेहवरला मराठीत काय म्हणतात ते कळवा. मेहवर म्हणजे भिंगाच्या बरोबर मधून जाणारी सरळ वाट. ती कुणाला दिसत नाही, पण असते. उजेडाची जी शुआ मेहवरच्या वाटेनं येते ती वाकत नाही. बाकीच्या सगळ्या शुआ भिंगात शिरल्या की वाकतात. हे सगळं एका शब्दात हवंय. तुम्ही देवळात पोथी वाचता, गावात तुमच्या मराठीला कुणी आव्हान देत नाही, म्हणून तुम्हाला विचारतो.

आक्काचा राग उतरला का? ॲक्शनच्या वर्षी भाऊबीजेला आलो नाही, तेव्हापासून तिच्या हातचं एक अक्षर नाही. गेल्या वर्षी आलो तर ओवाळताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, ताट भलतीकडंच फिरवलं. म्हणून यंदा आलोच नाही. लहानपणी तिला अक्षरं मी शिकवली. ती माझ्यावरच बंद करायची, हे बरोबर नाही, असं तिला सांगा.

बद्रीनाथ

*

देवगाव रंगारी,
११ डिसेंबर

मेव्हणे मास्तर यांस कारभारीचा रामराम,

पत्र पोचलं. तुम्ही अक्षरं उजवीकडून डावीकडं लिहिता की मुंग्यांना शाईत बुडवून कागदावर सोडता, ते एकदा कळवा. तुमचा काना कुठं, मात्रा कुठं, एकाचा पत्ता दुसऱ्याला नाही. तरी मी पोथी वाचणारा माणूस, लावलं सगळं.

तुम्ही विचारलंय की भिंगाचं माहेर कुठलं. मग लिहिलंय की दिवसाउजेडी जी सून माहेरच्या वाटेनं येते ती वाकत नाही आणि बाकीच्या सगळ्या सुना वाकतात. मास्तर, हे सायन्स असेल तर आमच्या घरात ते लग्नापासून चालू आहे. तुमची बहीण माहेरच्या वाटेनं आली ती आजतागायत वाकलेली नाही. माझी आई तिला वाकवता वाकवता स्वतः कमरेत वाकून गेली. एवढ्या गोष्टीसाठी सरकारनं पुण्याहून माणूस आणला, याचं मात्र नवल वाटलं.

मी ही ओळ देवळाच्या ओट्यावर मोठ्यानं वाचली. कडूबा पाटील म्हणाले, लई खरं लिहिलंय. दोन म्हाताऱ्या नाय म्हणाल्या. त्यावरून संध्याकाळपर्यंत भांडण चाललं. भिंगाच्या माहेराबद्दल मात्र कुणाला काही सांगता आलं नाही. माझ्या मते फिरोजाबाद असावं, तिथं काच करतात.

तुमच्या बहिणीचं म्हणाल तर ठीक आहे. फाल्गुनात शिबिरात दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले ते कळवलं होतंच, तुम्ही तेव्हा मराठीच्या वर्गाला बसला होतात. जाड भिंगांचा चष्मा लावते. आता दिसतं तिला, पण आमच्यावरचा राग काढायची नवी रीत काढलीय. चहा ओतते तो कपात नाय, कपाच्या शेजारी. माझी उजवी मांडी तीन ठिकाणी भाजलीय. बायको म्हातारपणी सूड घेते म्हणतात, तो असा.

कारभारी

*

औरंगाबाद,
१५ डिसेंबर

दाजी,

तुमचं पत्र मी शाळेत उघडलं आणि शेजारच्या वर्गातले मास्तर मला ठसका लागला म्हणून पाणी घेऊन आले. ते हसू होतं की रडू, ते मलाही ठरवता आलं नाही.

माहेर नाही, मे-ह-व-र. सून नाही, शुआ. शुआ म्हणजे उजेडाचा किरण. सुनांचा इथं काही संबंध नाही, ओट्यावर जाहीर करा. आता मी ओळीवर एकेक अक्षर बसवून लिहितोय, हळू वाचा.

भिंग दोन्ही बाजूंनी फुगीर असतं. एकेक फुगीर बाजू म्हणजे एका मोठ्या चेंडूचा कापलेला तुकडा समजा. चेंडू दोन, म्हणून त्यांचे मध्यही दोन. ते मध्य जोडणारी सरळ रेघ म्हणजे मेहवर. ती भिंगाच्या पोटातून आरपार जाते. काचेवर ती कुठं काढलेली नसते. पण तिच्यावरून आलेला किरण सरळ निघून जातो, आणि जो तिच्यापासून जितका लांब शिरतो तो तितका जास्त वाकतो. आता याला शब्द द्या. नोकरीचा प्रश्न आहे, मस्करी नको.

रात्री झोपेत मी 'मेहवर, मेहवर' बडबडतो, असं घरात ऐकवलं गेलंय. निरीक्षकांना शुद्ध मराठी लागतं. परवा त्यांनी आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांना 'पेन्शील' म्हटल्याबद्दल उभं ठेवलं.

आक्का चहा शेजारी ओतते तर ओतू द्या. तिचा राग तुमच्यावर नाही, माझ्यावर आहे. मांडी तुमची जवळ पडते एवढंच.

बद्रीनाथ

*

देवगाव रंगारी,
२२ डिसेंबर

मास्तर,

आता समजलं. आधीच असं लिहिलं असतं तर कडूबा पाटलांच्या घरात तीन दिवस अबोला झाला नसता.

ओट्यावर पुन्हा बैठक झाली. 'कणा' हा शब्द आला, पण कणा वाकतो, माझ्या आईचाच वाकलाय, म्हणून काढून टाकला. जात्याचा खुंटा आला. तो दिसतो, म्हणून गेला. शेवटी बैलगाडीचा 'आस' ठरला. दोन चाकांच्या मधून आरपार जातो, चाकं फिरतात, हा सरळ राहतो. तुमच्या दोन चेंडूंना चाकं म्हणा. बिनधास्त 'भिंगाचा आस' म्हणा आणि निरीक्षकानं नाक मुरडलं तर त्याला देवगावच्या रस्त्यावर गाडीत बसवून आणा. आस म्हणजे काय ते त्याच्या हाडांना समजेल.

शब्द मी दिला, आता माझं एक काम करा. तुमच्या शहरात डोळ्यांचा चांगला डॉक्टर असेल तर विचारून ठेवा. मस्करी मी करतो, पण मनकर्णाचं, तुमच्या आक्काचं, काहीतरी बिघडलंय. पोळ्याला तिनं बैलाच्या कपाळाला गुलाल लावायचा म्हणून हात पुढं केला आणि सगळा गुलाल त्याच्या उजव्या कानात घातला. बैल बिथरला, मिरवणूक बाजूला राहिली. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटतो, रोजचा. सुईत दोरा ओवायला बसते आणि सुईच्या डाव्या अंगाला हवेतच ओवते. शेजारची सारजाबाई म्हणते बाहेरचं आहे, उतारा टाका. मी म्हटलं, भूत लागलं असतं तर ते एव्हाना हिच्या तोंडाला कंटाळून गेलं असतं.

शिबिरातल्या डॉक्टरनंच घोळ केला असणार. चष्मा तर जसाच्या तसा आहे. मिरगात त्याच्यावर बैलाचा पाय पडला होता तेवढा, पण काचांना काही झालं नाही. मी स्वतः तार लावून घट्ट करून दिला.

तुमचा निरोप सांगितला. म्हणाली, मला काय लिहायचंय.

कारभारी

*

औरंगाबाद,
२६ डिसेंबर

दाजी,

हे पत्र मिळताच चष्मा काढून घ्या. आक्काच्या नाकावरचा, तुमच्या भाषेत जसाच्या तसा असलेला.

काल पाठाची तयारी करत होतो. शाळेतलं जाड भिंग डोळ्यापुढं धरून टेबलावरच्या खडूच्या डबीकडं बघत होतो. हात थोडा उजवीकडं सरकला आणि डबी टुणकन डावीकडं गेली. हात पुन्हा मध्ये आणला, डबी जागेवर. दोनचार वेळा केलं. मग डबीकडं बघता बघता तुमची उजवी मांडी आठवली.

तुमचं पत्र काढून पुन्हा वाचलं. आक्का तुमच्या समोर बसून चहा ओतते, तुमची उजवी मांडी म्हणजे तिचं डावं. बैल तिच्या समोर, त्याचा उजवा कान म्हणजे तिचं डावं. खांदा डावा, दोराही डावीकडं. सगळं एकाच अंगाला जातंय. भूत एवढं शिस्तीचं नसतं. तिचे डोळेही ठीक असणार आणि डॉक्टरही. चष्मा उजवीकडं ओढला गेलाय. भिंगाचा आस तिच्या बुबुळासमोर यायला पाहिजे, तो तिच्या उजव्या कानाकडं गेलाय. ती बिचारी भिंगाच्या कडेकडून बघते, तिथून आलेला प्रत्येक किरण वाकून येतो, आणि कप जिथं नाही तिथं तिला दिसतो. मोतीबिंदूनंतरचं भिंग लई जाड असतं, त्याचा आस बोटाच्या पेराएवढा हलला तरी घर हलतं.

पटत नसेल तर तिला चष्मा लावून समोर उभी करा आणि तिचा डोळा काचेच्या मध्यात आहे का बघा. मग चष्मा फडक्यात गुंडाळून इकडं पाठवा. तुम्ही स्वतः दुरुस्त करायला जाऊ नका. तारेला हातही लावू नका. चार दिवस तिला चष्म्याशिवाय काढावे लागतील, तेवढे दिवस चूल तुम्ही पेटवा.

माझा पाठ ४ तारखेला आहे.

बद्रीनाथ

*

देवगाव रंगारी,
१ जानेवारी १९५१

मास्तर,

फकिरा मेंढरांची लोकर घेऊन शहरात येतोय, त्याच्याकडं चष्मा दिलाय. माझ्या तंबाखूच्या पिशवीत आहे, पिशवी परत पाठवा.

तुम्ही सांगितलं तसं बघितलं. तिचा उजवा डोळा काचेच्या आतल्या कडेला चिकटलेला आणि डाव्या डोळ्यापुढं निम्मी तार. मी सहा महिने रोज त्या तोंडाकडं बघतोय आणि मला दिसलं नाही. बैलाच्या डोळ्यात कुसळ गेलं तर मी लांबून ओळखतो. लई वाईट वाटलं, मास्तर.

चूल पेटवली. भाकरीबद्दल विचारू नका.

कारभारी

*

औरंगाबाद,
६ जानेवारी

दाजी,

फकिरा उद्या परत निघतोय. त्याच्याकडं चष्मा आणि तुमची पिशवी दिलीय. चष्मा नव्या चौकटीत बसवलाय. आक्काच्या दोन बुबुळांमधलं अंतर शिबिराच्या चिठ्ठीवर होतं, ती तुमच्या पिशवीतच घडी करून ठेवलेली निघाली. गुलमंडीजवळच्या चष्मेवाल्यानं जुनी चौकट उलटसुलट करून बघितली. मी म्हटलं, बैलाचा पाय पडलाय. तो म्हणाला, "बैल का पाँव पडता तो कांच बचती क्या, मास्टर? इसपे तो कोई तशरीफ रखा है. और आदमी वजनदार था." मी पैसे मोजून दिले. तुम्ही आता काही बोलू नका.

आता पाठ. ४ तारखेला सकाळी फकिरा शाळेच्या गेटवर पोचला, तेव्हा घंटा होत होती. चष्मा तसाच खिशात घालून वर्गात गेलो. निरीक्षक मागच्या बाकावर बसले होते. बाक आठवीच्या पोरांच्या मापाचं, त्यामुळं त्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते आणि ते त्याचा राग वही उघडून काढत होते.

सुरुवात बरी झाली. फळ्यावर भिंग काढलं, किरण काढले. मधून सरळ रेघ ओढली आणि म्हणालो, "या रेघेला म्हणतात भिंगाचं..." आणि डोकं कोरं झालं. 'मेहवर' जिभेवर आला, तो गिळला. तुमचा 'आस' पार विसरलो. खिशात हात गेला तर चष्मा हाताला लागला. आणि तोंडातून आलं, "भिंगाचं माहेर."

पोरं हसत सुटली. निरीक्षक हसले नाहीत. त्यांनी लिहायला सुरुवात केली, आणि मला बीडची वाळवी डोळ्यांसमोर दिसली. दाजी, त्या क्षणी मला एवढंच कळलं की मागं फिरायला जागा नाही. खिशातून चष्मा काढला. म्हटलं, हा माझ्या बहिणीचा. तिला सहा महिने चहा कपाच्या शेजारी पडतोय. का पडतो, ते आज आपण शोधायचं. पोरांना एकेक करून चष्म्यातून खडूची डबी बघायला लावली. आधी भिंगाच्या मधून, मग कडेनं. डबी हलली की पोरं ओरडायची. मग सांगितलं की भिंगातून शेकडो वाटांनी उजेड येतो आणि प्रत्येकाला भिंग वाकवतं. एकच वाट अशी आहे की तिथून आलेल्याला वाकावं लागत नाही. ती दिसत नाही. पण ती डोळ्यासमोरून सरकली की दाजींची मांडी भाजते. तुमची मांडी आता आठवीच्या वर्गात प्रसिद्ध आहे.

शेवटी निरीक्षक उठले. उठायला त्यांना दोन पोरांचा हात लागला. म्हणाले, "शब्द अक्ष असा आहे." मी म्हटलं, जी, अक्ष. पोरांना म्हणायला लावलं. पोरं एका सुरात म्हणाली, "भिंगाचा अक्ष म्हणजे भिंगाचं माहेर." मी डोळे मिटून घेतले.

शेरा काल मिळाला. 'विषय उत्तम समजाविला. भाषा घरगुती.' वर्ग माझाच राहिलाय. उन्हाळ्यात मराठीची परीक्षा तेवढी द्यायचीय. जाताना निरीक्षकांनी मला बाजूला घेतलं आणि स्वतःचा चष्मा काढून विचारलं की शहरात चांगला चष्मेवाला नेमका कुठं बसतो.

आक्काला सांगा, तिच्या चष्म्यानं माझी भाकरी वाचवली. राग असला तर असू दे. चहा कपात ओत म्हणावं, माझ्यासाठी एवढं पुरे.

बद्रीनाथ

*

देवगाव रंगारी,
१० जानेवारी

बद्री,

अक्षर वाकडं आहे ते हाताची सवय मोडलीय म्हणून, डोळ्याला दोष देऊ नको. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला की ओळ दिसते. ओळ एकच दिसते आणि आहे तिथंच दिसते. पहिला चहा कपात पडला तेव्हा तुझे दाजी मांडी आवरून बसले होते. मग कपाकडं बघत राहिले, चहा गार झाला.

तुझी सगळी पत्रं काल मी स्वतः वाचली. आक्का रुसली का, असं तू विचारलं होतंस, ते यांनी मला कधी वाचून दाखवलंच नाय. तुझा निरोप म्हणून सांगितलं काय, तर 'चार ओळी लिही, तुझ्या भावाला सायन्समध्ये लागतंय.' मी म्हटलं, मला काय लिहायचंय. मला ओळ कुठं दिसत होती? यांना सांगून लिहून घेता आलं असतं, पण यांच्या हातानं लिहिलेलं पत्र म्हणजे यांचंच पत्र. त्यात माझं काय राहिलं असतं?

आणि बैलाचा पाय वगैरे काही नाय. मिरगात दुपारी हेच बसले माझ्या चष्म्यावर. उठून इकडंतिकडं बघितलं आणि गरीब जनावराचं नाव घेतलं. म्हणूनच पोळ्याला त्याच्या कानात गुलाल गेला तेव्हा यांना जास्त लागलं.

तुझ्यावर रुसले होते, ते खरं आहे. ॲक्शनच्या वर्षी दिवाळीतही वाटेवर धरपकड चालली होती, तू येऊ शकत नव्हतास, हे मला कळत होतं. कळलं म्हणून राग जातो असं नाय. पण तो वर्षभरात गेला होता. पुढच्या भाऊबीजेला तू आलास तेव्हा मोतीबिंदू पिकला होता, मला नुसता धूर दिसायचा. मी ताट आवाजावर धरायचं ठरवलं होतं. तू बोलला असतास तर बरोबर तुझ्यासमोर आलं असतं. तू रुसून गप्प बसलास, म्हणून ते खांबाला ओवाळलं गेलं. खांब काही बोलला नाय आणि तूही नाय. मी नंतर रडले, पण दिसत नव्हतं कुणाला काही, मलाच दिसत नव्हतं तर.

तुझं ते भिंगाचं माहेर यांनी ओट्यावर वाचलं तेव्हा सगळ्या गावानं हसून घेतलं. मी घरी भाकरी थापत होते, हसणं तिथवर आलं. मी नाय हसले. मला वाटलं, एवढं शिकून याला आता कुठं समजलं.

संक्रांतीला मी येतेय. तीळगूळ घेऊन सकाळच्या मोटारीनं बसते. न्यायला कुणी येऊ नको, मला वाट दिसते. तुझे दाजीही येतो म्हणतात. त्यांना बसायला स्टूल दे, आणि तुझा चष्मा असेल तर उंच फळीवर ठेव.

तुझ्या निरीक्षकाला सांग, अक्ष म्हण नायतर आणखी काही म्हण. माहेरच्या वाटेनं निघाले की मी वाकत नाय, एवढं त्याच्या वहीत लिहून घे. आणि मी दारात आले की गप्प बसू नको. आधी बोल.

तुझी आक्का